भिंतीतलं धुराडं

१

उरवड्यात रेश्माचं घर विचारत जावं लागत नसे. सकाळी ज्या घरावर धूर दिसेल, ते तिचं. गॅस गावात घरोघरी आला होता, रेश्माकडेही होता. पण पलीकडच्या कारखान्यांतल्या माणसांना डब्यात चुलीवरची भाकरी हवी असे, आणि रेश्माची भाकरी एकदा खाल्लेला माणूस दुसरीकडे डबा लावत नसे. म्हणून उजाडायच्या सुमाराला ती मागच्या पडवीत यायची, काल रात्रीची राख ओढायची, काटक्या रचायची आणि चुलीला हळदकुंकू लावून काडी ओढायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासूनचा हा नेम.

चूल सासऱ्यांनी बांधलेली होती. हैबतराव म्हणजे आडमाप माणूस. जे करील ते मोठं. चूल मोठी, आणि चुलीवरचं धुराडं तर इतकं रुंद, की आत माणूस उकिडवा बसला तरी मावला असता. पुढे कारखाने आले, भाडेकरू खोल्या मागू लागले, तसा घरावर मजला चढला. धुराडं पाडायला हैबतराव तयार झाले नाहीत. मग गवंड्याने ते वरच्या भिंतीत घेतलं आणि वर निमुळतं करून गच्चीतून बाहेर काढलं. रुंद धुराडं जिथे अरुंद झालं, तिथे आत एक कट्टा राहिला. गवंडी त्याला खांदा म्हणायचा. खांद्यावर काजळी साचणार, ती काढता यावी म्हणून वरच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या भिंतीत एक लोखंडी झाकण बसवलं होतं.

दरसाल दसरा झाला की हैबतराव बोरी-बाभळीच्या फांद्यांचा जुडगा दोराला बांधत, त्याला धोंडा लटकावत आणि गच्चीवरून धुराड्यात सोडत. वरखाली, वरखाली. मग झाकण उघडून खांदा खरवडत. दिवस मावळेपर्यंत माणूस म्हशीसारखा काळा व्हायचा. "धूर म्हंजी पावना," ते म्हणायचे. "त्याला जायाची वाट दावली न्हाई, तर हितंच मुक्काम ठोकतोय."

ते गेल्यापासून धुराड्यात जुडगा सोडला गेला नव्हता. कैलास, त्यांचा मुलगा आणि रेश्माचा नवरा, टेम्पो चालवायचा. पहिल्या दसऱ्याला वडिलांचं वर्ष सरलं नव्हतं. दुसऱ्या दसऱ्याला टेम्पोचं काम निघालं. आणि मधल्या पावसाळ्यात त्याने गच्चीवर पत्र्याची शेड टाकली, तेव्हा धुराड्याचं तोंड पत्र्याखाली आलं, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

कोपऱ्यातल्या खोलीत सोनिया राहायची. सांगोल्याकडची मेंढरं राखणारी माणसं. नवरा म्हसू मेंढरं विकून इकडे हमालीला आला होता आणि सोनिया पॅकिंगच्या कारखान्यात पाळीवर जायची. त्यांची मुलगी जया तीन वर्षांची. झाकणाला गंजून फटी पडल्या होत्या, म्हणून खालचा आवाज वर जायचा आणि वरचा खाली यायचा. सोनिया वरून विचारायची, "वैनी, चा झाला का?" आणि रेश्मा चुलीत तोंड घालून ओरडायची, "ये खाली, वततीया!" दोघींना त्याची गंमत वाटे. फोन करायला नको आणि जिने चढायला नकोत.

२

डिसेंबरचे दिवस होते. मुळशीकडून धुकं यायचं ते दहा वाजेपर्यंत अंगणातून हलायचं नाही. रेश्मा पहिल्या भाकरीचं पीठ मळत होती, तेव्हा धुराड्यातून हाक आली.

"वैनी."

"काय गं?"

"जाळ वाढवा जरा. पोर गारठलंय."

चुलीमुळे वरची भिंत उबदार राहते, हे सोनिया आधीही म्हणाली होती. रेश्माने बाभळीचं एक जाडजूड लाकूड सरकवलं. धूर थोडा मागे फिरला, डोळ्यांत गेला. हल्ली तो असाच मागे फिरायचा. तिने पदराने डोळे पुसले.

"आता बरं का?"

"व्हय. अजून एक घाला."

तिने घातलं.

भाकऱ्या होऊन डबे भरायला घेतले, तेव्हा फाटक वाजलं. कानाला मफलर, अंगात कारखान्याचं जाकीट आणि हातात पिशवी घेऊन सोनिया आत येत होती. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा चेहरा लपत नाही.

"अगं, तू आत्ता येतीयास?"

"दुसरी बाई आलीच न्हाई वैनी. थांबवून घेतलं. पाय नुस्तं भरून आल्यात."

रेश्माच्या हातातला डबा तसाच राहिला. "मग मगाशी वरनं कोण बोललं?"

"म्हसू असंल."

म्हसूचा आवाज घोगरा होता, ढोलासारखा. सोनिया जिना चढून गेली. वर कडी वाजली, म्हसू उठून दार उघडताना खोकला, जया रडली. सगळे आवाज नेहमीचे. रेश्माने मनाची समजूत घातली, की मोबाईल वाजत असेल. पोर दिवसभर मोबाईल घेऊनच बसतं. नाहीतर पलीकडच्या खोलीतलं कुणी बोललं असेल. धुराड्यातून येताना आवाज फिरतो, बदलतो. इतक्या वर्षांत तिला एवढं कळत नव्हतं का?

पण मोबाईल "अजून एक घाला" म्हणत नाही, हेही तिला कळत होतं.

३

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. सोनिया नळावर धुणं घेऊन बसली होती आणि रेश्मा शेजारी परात घासत होती. ऊन पडलं होतं. जया फरशीवर बसून साबणाच्या फेसात बोटं बुडवत होती. पण तिचं खेळण्यात चित्त नव्हतं. मधूनच डोकं आईच्या पाठीला टेकवायची.

"वैनी, एक इचारू? राग न्हाई ना यायचा?"

"इचार की."

"तुमी सकाळी मला झोप, झोप का म्हणता?"

"मी?"

"भिंतीतनं." सोनियाने पिळा बादलीत टाकला. "पाळी करून आली की मी पडती. जराशी जाग आली, की तुमचा आवाज येतो. झोप गं सोनिया. उठू नको. अजून लई येळ हाय. मला बरं वाटायचं आधी. आईसारखं. पण परवा घड्याळ बघितलं, दुपार झाल्ती. पोरगी उपाशी, म्हसू कामाला गेलाच न्हाई, तोबी घोरतुया. डोस्कं असलं दुखाय लागलं, की भिंत धरून उठली. म्हनलं, वैनीला सांगावं, की लाडानं झोपवू नका, पोटापाण्याचं बघाय पायजे."

ती हसत होती. रेश्माने मनात वेळ जुळवून बघितली. त्या वेळी ती डबे घेऊन कैलासच्या टेम्पोत असायची. चूल तशीच पेटती सोडून जायची, आणि घरी सासूबाई तुळजाबाई एकट्या, त्याही पुढच्या ओट्यावर जप करत.

"माझाच आवाज व्हता?"

"म्हंजी? तुमचा आवाज मला ओळखू येत न्हाई व्हय?"

रेश्माने परात उपडी घातली. आपण तिला सांगावं का, की मीही तुझा आवाज ऐकते? दोघी बायका दोन टोकांना, आणि मधल्या भिंतीतून दोघींशी बोलणारं कुणीतरी. उन्हात बसून ते वाक्य मनात तयार केलं, तरी तिच्या मानेवर काटा आला. तिने ते गिळलं आणि फक्त म्हणाली, "झाकणापाशी झोपत जाऊ नका. आंथरूण खिडकीकडं घ्या."

४

जयाला उलट्या सुरू झाल्या. पिरंगुटच्या डॉक्टरांनी हवा बदलली म्हणून होतं असं सांगून औषध दिलं. मूल दवाखान्यात खेळायचं, रस्त्यावर खेळायचं, आणि घरी आलं की दुसऱ्या सकाळी पुन्हा मलूल. म्हसूचं डोकं दुखायचं ते कामावर गेल्यावर थांबायचं. रेश्माच्या मनात या गोष्टी एकेक करून जमा होत होत्या. आवाजाचं काहीही असो, तिने स्वतःला बजावलं, धुराडं साफ नाही हे खरं आहे. धूर वाट सापडत नाही म्हणून घरात घुसतोय. माणसं आजारी पडताहेत ती त्यानेच. याच्यापलीकडचं तिला काही नको होतं. हा विचार हाताला धरता येत होता.

"धुराडं साफ करून घ्या," ती कैलासला म्हणाली.

"रविवारी बघू."

"गेल्या रविवारीबी असंच म्हणाला."

"अगं, टेम्पो मारुंजीला लावलाय. लोकांची घरं शिफ्ट करायची चालल्यात. एका दिवसानं धुराडं पळून जातंय का?"

तिने त्याची वाट पाहिली नाही. भिवाजी गवंडी घरच्या ओळखीचा. शेजारच्या वाडीत त्याचं काम चालू होतं, तिथून तिने त्याला बोलावून आणलं. त्याने चुलीतली राख बाजूला केली, रेश्माकडून आरसा मागून घेतला आणि तो चुलीत तिरपा धरला.

"ह्यात आभाळ दिसाय पायजे," तो म्हणाला. "नखाएवढं का हुईना. आभाळ दिसलं म्हंजी वाट मोकळी." त्याने आरसा इकडेतिकडे फिरवला. "ह्यात तर अमावस्या हाय, वैनी."

तो गच्चीवर तोंड बघायला गेला. रेश्मा तिथेच बसली होती. तिने आरसा हातात घेतला आणि त्याने धरला होता तसाच धरला. काच काळी होती. पण काही वेळाने त्या काळ्यात, अगदी वर, एक पांढुरका ठिपका दिसला. आभाळच ते. तिला हायसं वाटलं. ती भिवाजीला हाक मारणार, तेवढ्यात ठिपका झाकला गेला. झाकण पडावं तसा एकदम नाही. दारातल्या माणसाने जराशी बाजू द्यावी आणि मग परत जागेवर सरकावं, तसा.

थोडी काजळी आरशावर पडली. हातातून निसटता निसटता आरसा तिने धरला.

भिवाजी खाली आला. "तोंड पत्र्याला भिडलंय. कैलासरावांनी शेड टाकताना बघितलं न्हाई. आन आत खांद्यापाशी गच्च झालंय. मी रविवारी माणूस घेऊन येतो. भित्ताडाला खिडकी पाडून काढू. तवर चूल पेटवू नका."

"वर तुमी काय हलवलं का आत्ता? दोर-बीर सोडला?"

"न्हाई. लांबनंच बघितलं. का वो?"

"काय न्हाई," रेश्मा म्हणाली.

५

शुक्रवारी चूल पेटली नाही. भाकऱ्या गॅसवर झाल्या, आणि तुळजाबाईंनी दिवसभर तोंड वाकडं केलं. "चुलीची भाकरी म्हणून लोकं येत्यात. असली पांढरीफटक भाकरी त्यांना कुटंबी मिळती." रेश्माने ऐकून घेतलं. त्या दिवशी जया अंगणभर धावली. मांजराच्या मागे लागून पडली, गुडघा फोडून घेतला आणि मोठ्याने रडली. इतक्या दिवसांनी पोराचं खणखणीत रडणं ऐकून रेश्माला बरं वाटलं. म्हणजे धूरच तो. दुसरं काही नाही.

शनिवारी सकाळी निम्म्या भाकऱ्या झाल्या आणि शेगडी विझली. सिलिंडर संपला होता. दुसरा भरायला कैलास विसरला होता. बाहेर टेम्पोत बसून तो हॉर्न वाजवत होता, डब्यांची वेळ टळत होती, पीठ मळून तयार होतं. तुळजाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अगं पोरी, घटकाभर पेटवली तर काय जग बुडतंय? पाच-पन्नास वर्षं पेटतीया ती."

रेश्मा चुलीसमोर उभी राहिली. उद्या रविवार. भिवाजी येणार. घटकाभर.

तिने काडी ओढली.

जाळ धरला, धूर उठला, आणि आश्चर्य म्हणजे तो मागे फिरला नाही. सरळ वर गेला, ओढून घेतल्यासारखा. तवा तापला. बघता बघता आठ-दहा भाकऱ्या उतरल्या. तिने पुढची थापली, टाकली, पाणी फिरवलं.

"बरं केलंत वैनी," धुराड्यातून आवाज आला. सोनियाचाच, पाळीवरून आल्यावर यायचा तसा थकलेला. "गारठलो व्हतो."

रेश्माला वाटलं, आली असेल ती. मी शेगडीच्या खटाटोपात होते, फाटक ऐकू आलं नसेल. "एवढं उरकलं की इझवणार हाय," ती म्हणाली. "खिडकी उघडी ठेव हां."

"ठेवली की. अजून घाला."

"जया उठली का?"

"झोपलीया. सगळी झोपलीत."

रेश्माने भाकरी उलटली. "मग तू बी पड की. पाळी करून आलीयास."

चुलीत लाकूड तडतडलं. उत्तर आलं, ते वरून आल्यासारखं वाटलं नाही. जवळून आलं, चुलीच्या तोंडापाशी कुणीतरी वाकून बोलावं तसं, आणि त्यात थकवा नव्हता.

"मी हितं बसलीया."

"वैनी?"

दुसरी हाक मागून आली. रेश्मा वळली. पडवीच्या पायरीवर सोनिया उभी होती, मफलर सोडत, धुक्याने केस ओले झालेले. "वैनी, म्हसू दार उघडंना. कवाधरनं वाजवतीया. तुमी कुणाशी बोलताय?"

६

पुढचं रेश्माला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. पिण्याच्या पाण्याचा हंडा तिने चुलीत उलटा केला. वाफ आणि राख अंगावर आली, हात भाजला, ते तिला संध्याकाळी कळलं. कैलास टेम्पोतून उडी टाकून आला. त्याने आणि सोनियाने दाराला खांदा लावला, कडी निघाली. खोलीत धूर नव्हता. हेच सगळ्यात वाईट होतं. खोली स्वच्छ, भांडी घासून पालथी घातलेली, खिडकी घट्ट लावलेली, आणि अंथरुणात बाप-लेक गाढ झोपलेले. दोघांचेही गाल गुलाबी होते. जया तर इतकी छान दिसत होती, की क्षणभर कुणालाच तिला हलवावंसं वाटेना.

अंथरूण मात्र झाकणापाशी ओढून घेतलेलं होतं. रेश्माने सांगितल्यापासून ते खिडकीकडे असायचं.

कैलासने मुलीला उचललं आणि जिना उतरताना तो तिला नावाने हाका मारत होता. टेम्पोच्या हौद्यात डब्यांच्या मधे दोघांना घातलं. सोनिया मुलीच्या तोंडाशी गाल लावून बसली होती आणि सारखं एकच म्हणत होती, "श्वास हाय. हाय. हाय अजून."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दुपारी जयाने डोळे उघडले आणि सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. म्हसूला जास्त वेळ लागला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं स्पष्ट होतं. लाकूड नीट जळलं नाही आणि धुराडं बंद असलं, की एक वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही. अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते, त्या म्हणाल्या. धुराडं दरवर्षी साफ करून घेता ना?

कैलासने मान खाली घातली. रेश्माने लग्नानंतर त्याला असा कधी पाहिला नव्हता. तो बाहेर जाऊन कट्ट्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

"बाई," रेश्माने विचारलं, "त्या वायूनं माणसाला आवाज ऐकू येत्यात का? कुणी बोलल्यासारखं?"

"येतात. भास होतात, भीती वाटते, चालताना तोल जातो. तुम्हीही तो घेतच होतात, थोडा थोडा."

रेश्माने ते वाक्य घट्ट धरलं. तिच्या पडवीला दोन बाजूंनी भिंत नव्हती, वारा आरपार वाहायचा, तरीही तिने ते धरलं. संध्याकाळपर्यंत ते पुरलं.

मग म्हसू बोलता झाला. सोनियाने त्याला पाणी पाजलं आणि रागाने, रडत विचारलं, "तुला जाग कशी आली न्हाई रं? दार किती वाजवलं मी!"

"आल्ती की," म्हसू म्हणाला. त्याची जीभ जड होती. "डोस्कं गरगरलं म्हणून उठलो. पोरीला उचलली. दारापत्तूर गेलो, कडीला हात बी लावला. तू म्हणालीस, कुटं निघालास गारठ्यात, हिकडं भिंतीपाशी ऊब हाय, आन तिला माझ्याजवळ. मग आंथरूण ओढलं आन पडलो."

सोनियाने पेला खाली ठेवला.

"मी बाहीर व्हती, म्हसू."

"न्हाई," म्हसू म्हणाला. "तू आत व्हतीस."

सोनियाने रेश्माकडे पाहिलं.

७

त्या घरी परत राहायला सोनिया तयार नव्हती. तिचा भाऊ जांब्याला खोली घेऊन होता, तिथे जायचं ठरलं. दवाखान्यातून म्हसूला सोडलं त्याच दुपारी सामान भरायला ती आली. कैलासने टेम्पो फाटकाशी लावला होता. वर भिवाजी भिंत फोडत होता. चूल तेव्हापासून थंडच होती. रेश्माने तिच्या तोंडात विटा रचल्या होत्या.

कैलासने गच्चीवरचे पत्रे स्वतःच उचकटले होते. धुराडं मुळापासून काढायचं, असं त्याने आईला तोंडावर सांगितलं होतं, आणि तुळजाबाईंनी त्याला अडवलं नव्हतं. त्या जयाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसून होत्या, तिच्या पायांवरून सारखा हात फिरवत.

रेश्मा वर गेली तेव्हा भिवाजी खिडकीपाशी उभा होता. भिंतीला दरवाजाएवढं भोक पडलं होतं आणि तो त्याच्याकडे पाठ करून बाहेर बघत होता.

"झालं का भिवाजीदादा?"

"वैनी, काजळी कशी असती म्हाईत हाय ना तुमास्नी? हात लावला की झडती. भुगा." त्याने वळून बघितलं नाही. "तुमीच बघा. मला काय वाटलं ते मी बोलणार न्हाई."

रेश्माने मोबाईलची बॅटरी लावली आणि आत वाकली.

खांदा समोरच होता. काजळी होती, घागरी भरतील एवढी. पण भुगा नव्हता. दाबून दाबून ती घोटली गेली होती, शेणाने सारवलेल्या जमिनीसारखी. वर, जिथे धुराडं अरुंद होत होतं, तिथेही ती थापलेली होती, हाताने लिंपल्यासारखी. बोटांचे ठसे दिसत होते का? रेश्मा शपथेवर काही सांगू शकली नसती.

आणि त्या घोटलेल्या काळ्यात एक खोलगट जागा होती. म्हैस रोज एकाच ठिकाणी बसली, की गवत दबून जशी जागा होते, तशी. उकिडवं बसणाऱ्याची. मागे भिंतीला पाठ लागून लागून चकाकी आलेली. समोर गुडघे येतील तिथे दोन वाट्या. आणि झाकणाच्या बाजूला, बसल्यावर डोकं जिथे येईल त्या उंचीवर, एक गुळगुळीत गोल डाग. दाराला कान लावून ऐकणाऱ्याचा पडावा तसा.

हे सगळं काजळीचं असू शकतं, रेश्माने मनाशी म्हटलं. वारा फिरतो. पाणी गळतं. पावसाळा दोनदा आत शिरलाय. पाण्याने दगड गुळगुळीत होतात, मग काजळीचं काय?

तिने हात आत घातला आणि त्या जागेला तळवा टेकवला. गार होती. घरातल्या कुठल्याही थंड दगडासारखी गार. तिने श्वास सोडला. हात मागे घेताना तो बाजूला घसरला आणि तिला दुसरा खळगा लागला.

तिने बॅटरी तिकडे वळवली. पहिल्या जागेला खेटून, चुलीची ऊब येते त्या बाजूला, आणखी एक जागा होती. ती नवी होती. कडा अजून खरखरीत, आतला भाग अर्धाच घोटलेला. घडवता घडवता काम राहून गेलं होतं. आणि ती लहान होती. दोन मुठींएवढ्या गुडघ्यांच्या वाट्या. रेश्माच्या कमरेलाही न पोचणाऱ्या पाठीचा ठसा.

तिने तिथे बोटं टेकवली. चूल विझून इतके दिवस झाले होते, आणि ही जागा ऊन होती. नुकतंच कुणाला तरी अंथरूण करून ठेवावं, तशी.

"वैनी!" जिन्यात पावलं वाजली. सोनिया वर येत होती. तिच्या कडेवर जया काहीतरी बडबडत होती. "वैनी, माझा डबा राह्यलाय फळीवर. काय निघालं वो आत?"

रेश्माने भिवाजीची पहार उचलली. भाजलेल्या हाताची कातडी सोलली गेली, पण तिने पहार सोडली नाही. पहिला घाव तिने लहान जागेवर घातला, दुसराही तिथेच, तिसराही. काळा लोट उठला, तोंडात गेला, डोळ्यांत गेला. भिवाजी पुढे धावला आणि तिच्या तोंडाकडे बघून जागीच थांबला.

"तितंच थांब सोनिया," रेश्मा घाव घालत म्हणाली. "पोरीला आत आणू नको. काजळी हाय. नुस्ती काजळी."